ज्येष्ठांच्या पदभ्रमणासाठी आधी वाटेवर खुणा हव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून पदभ्रमणाला लागणाऱ्या साहित्याच्या याद्या झळकू लागतात आणि साठी ओलांडलेल्या वाचकांसाठी तर त्या आणखी लांबतात. गुडघ्याचे पट्टे, घोटा झाकणारे बूट, दोन्ही हातांत काठ्या, अंगावर बसणारी खास सॅक, मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ. या वस्तू निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. उतरणीवर काठीचे मोल काय असते ते गुडघे दुखणाऱ्यालाच विचारावे. मात्र आधी मोठी खरेदी आणि मगच चालणे, असा जो समज त्यातून निवृत्त माणसाच्या मनात रुजतो, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतल्या एमा गेटवुड यांचे उदाहरण दिले जाते. तेही बहुधा अर्धेच सांगितले जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

ओहायो राज्यातल्या या बाई १८८७ सालच्या. अकरा मुलांची आई, जन्मभर शेतात राबलेल्या, मारकुट्या नवऱ्यापासून घटस्फोट घेऊन मोकळ्या झालेल्या. वयाच्या ६७व्या वर्षी, ३ मे १९५५ रोजी, त्यांनी जॉर्जिया राज्यातून ॲपलेशियन ट्रेल ही लांबलचक डोंगरवाट चालायला सुरुवात केली आणि सुमारे ३,३०० किलोमीटर अंतर कापून २५ सप्टेंबरला मेन राज्यातल्या कटाडिन पर्वताच्या माथ्यावर त्या पोहोचल्या. ती संपूर्ण वाट एका हंगामात एकटीने चालणारी ही पहिली स्त्री. जवळ तंबू नव्हता, झोपण्याची पिशवी नव्हती. जाड डेनिमची घरी शिवलेली थैली खांद्यावर, पायांत साधे कॅनव्हासचे बूट, पांघरायला एक ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघराला लावतात तो प्लास्टिकचा पडदा. (आषाढी वारीत दिवेघाट चढणाऱ्या आपल्या माळकरी आज्या डोक्यावरून प्लास्टिकचा कागद ओढून घेतात, त्यांना यात काही नवल वाटायचे नाही.) मुलांना त्यांनी चालायला जाते एवढेच सांगितले होते, किती आणि कुठे, ते सांगितले नव्हते.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात आणि जिद्दीचे कौतुक करून थांबतात. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, याच बाई उत्तरेच्या टोकाकडून निघाल्या होत्या आणि थोड्याच दिवसांत वाट चुकल्या. चष्मा फुटला, खाणे संपत आले आणि अखेर वनरक्षकांनी त्यांना घरी परत जायला सांगितले. जिद्द तेव्हाही तेवढीच होती. पुढल्या वर्षी वाटेवरच्या कितीतरी अनोळखी घरांची दारे त्यांनी ठोठावली. कुणी जेवू घालून पलंग दिला, कुणी व्हरांडा दिला आणि कुणी दार लावूनही घेतले. जिथे काहीच मिळाले नाही तिथे सपाट दगड विस्तवावर तापवून त्यांवर त्यांनी रात्र काढली. ज्या सचित्र मासिकातला लेख वाचून त्यांना या वाटेची ओढ लागली होती, त्यात ती जितकी सुबक रंगवली होती तितकी ती प्रत्यक्षात नव्हती. आडवी पडलेली झाडे, माजलेले रान आणि खुणा पुसट झालेले टप्पे यांबद्दल त्या पत्रकारांशी रोखठोक बोलल्या आणि त्याचा परिणाम वाटेच्या देखभालीवर झाला. माझ्या मते त्यांच्या चालण्याइतकेच हे बोलणे महत्त्वाचे होते.

आज त्या वाटेवर झाडांच्या खोडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असा पांढरा पट्टा रंगवलेला असतो. वळण येणार असेल तिथे एकावर एक दोन पट्टे असतात. ठिकठिकाणी तीन भिंतींचे साधे निवारे आहेत आणि हे सारे मुख्यतः स्वयंसेवकांच्या मंडळांनी राखलेले आहे. पाठीवरचे ओझे हलके ठेवणे अशाने शक्य होते. आपल्याकडेही याहून वेगळे काय घडते? आळंदी ते पंढरपूर हे अंदाजे अडीचशे किलोमीटरचे अंतर सत्तरीतला वारकरी पडशी-पताका घेऊन चालतो, ते दिंडीचा ट्रक मुक्कामाचे सामान वाहून नेतो आणि गावोगावी पंगती उठतात म्हणून. नर्मदेची परिक्रमा करणारा दंड, कमंडलू आणि झोळीवर निघतो, ते काठावर सदावर्त आणि आश्रम आहेत म्हणून.

सह्याद्रीत मात्र ज्येष्ठ माणसाने एकट्याने किंवा जोडीने गावोगाव मुक्काम करत चालायचे म्हटले, तर पहिल्याच पठारावर पंचाईत होते. पायवाटेला ढोरवाटा येऊन मिळतात, त्या पायवाटेपेक्षा ठसठशीत असतात, आणि तासाभराने त्या कारवीच्या जाळीत नाहीतर कड्यावर नेऊन सोडतात. दगडांवर एखाद्या गटाने कधीकाळी मारलेले बाण असतात, पण ते त्या गटाच्या सोयीचे, आणि दोन पावसाळ्यांत शेवाळाखाली जातात. तरुण मुले चुकली तर दुप्पट चालून भरून काढतात. सत्तरीतल्या माणसाला तो तास परवडत नाही. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर पावसाळ्यात वाड्या-वस्त्यांवरची मंडळी चालणाऱ्यांना घरात घेतात, गरम भाकरी वाढतात. ही रीत आपल्या लोकांना शिकवावी लागत नाही.

म्हणून पर्यटन विभाग, वन विभाग आणि गिर्यारोहण संस्था यांना माझी विनंती आहे की त्यांनी गावांना जोडणाऱ्या एखाद्या जुन्या घाटवाटेची निवड करून तिच्यावर एकसारख्या, दरवर्षी रंगवल्या जाणाऱ्या खुणा कराव्यात, पिण्याच्या पाण्याच्या जागा दर्शवाव्यात आणि ग्रामपंचायतीमार्फत मंदिराची ओसरी किंवा समाजमंदिर माफक शुल्कात मुक्कामाला खुले ठेवावे. त्या पैशांतून वाट राखणाऱ्या गावकऱ्यांना मेहनतानाही देता येईल. मोहिमांच्या आयोजकांनी वैद्यकीय दाखला जरूर मागावा, कारण रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी न करता डोंगरात जाणे हा आडमुठेपणाच. परंतु जन्मसाल पाहूनच नाव खोडण्याची प्रथा बंद करावी. पुरवण्यांतल्या साहित्याच्या यादीशेजारी आपणही कोणत्या वाटेवर पाणी आहे आणि कोणत्या गावात मुक्काम मिळतो, एवढी चौकट छापलीत तर आम्हा वाचकांना ती अधिक उपयोगी पडेल.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा