बाजारपेठेतल्या कचऱ्याबद्दल मित्राला पत्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

बाजारपेठेतल्या कचऱ्यामागे लागायचं ठरवलंस, बरं वाटलं. पण फलक, फेऱ्या आणि झाडू धरून फोटो यात पैसे घालू नकोस. जपानचे हिदेसाबुरो कागियामा १९६१ साली सायकलवरून मोटारींचे सुटे भाग विकायला लागले. पुढे त्याचीच ‘यलो हॅट’ ही दुकानांची साखळी झाली. हा मालक स्वतः संडास घासायचा, मग आजूबाजूचा रस्ता झाडायचा. सुमारे दहा वर्षं नोकरांपैकी कुणी हात लावला नाही! १९९३ पासून मात्र त्यातूनच गावोगावी सफाईची मंडळं उभी राहिली. तेव्हा व्यापारी संघात भाषण करण्याआधी वर्षभर स्वतःच्या दुकानापुढचा रस्ता रोज झाडून काढ.

आधी कचरा पडतो कधी ते बघ. घंटागाडी सकाळी सातला येते आणि शटर दहाला उघडतात, असं असेल तर रात्री झाडलेला कचरा फुटपाथवरच राहणार आणि कुत्री पिशव्या फाडणार. आरोग्य निरीक्षकाकडे संघाच्या लेटरहेडवर रात्री नऊनंतरच्या फेरीचा अर्ज दे; रोजच्या वेळेचं मात्र मुकादमाशीच बोल. फेरी मिळेपर्यंत प्रत्येकाने ओल्या-सुक्याचे झाकणाचे दोन डबे दुकानाच्या आतच ठेवायचे. रस्त्यावर मोठी कुंडी मागू नकोस. ती वेळेवर उचलली नाही की दोन दिवसांत तिच्याभोवतीच उकिरडा होतो. टांगते डबे लावलेच, तर तळाला बोटभर भोकं पाड, नाहीतर पावसाळ्यात त्यात डास होतील.

पुठ्ठा कोरडा ठेव. भिजला की भंगारवाला भाव पाडतो. चहाच्या कागदी कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे ते खतात कुजत नाहीत. वेफर्सची चकचकीत पाकिटं तर भंगारवाला सहसा घेतच नाही. म्हणून चहावाल्याला काचेचे ग्लास आणि धुवायला दोन बादल्या संघातर्फे दे. रस्त्यावरचा निम्मा त्रास तिथेच मिटेल, असं माझं मत.

पिशव्यांबाबत वाद घालू नकोस, नियम दाखव. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेट, चमचे, स्ट्रॉ बंद आहेत. ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. महाराष्ट्राची बंदी तर २०१८ चीच आहे, आणि तिच्यात पहिला दंड ५,००० रुपयांचा. एकट्या दुकानदाराने पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारी जातं. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच तारखेला बंद करायला हवी.

झाडताना आधी पाणी शिंपड, नाहीतर धूळ समोरच्याच्या मालावर बसते आणि तिसऱ्या दिवशी भांडण. खराट्याने गोळा केलेलं लगेच सुपलीत भर. गटारात लोटण्याची सवय सगळ्यात वाईट, कारण गुटख्याच्या पुड्या जाळीवर चिकटून बसतात आणि पहिल्याच पावसात पाणी दुकानात शिरतं. जाळी मे महिन्यातच उघडून साफ करून घे आणि ती परत बसवताना सिमेंटने पक्की करू देऊ नकोस. पुढच्या वेळी फोडावी लागेल.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक