दाभोळच्या जेट्टीवर भेटलेल्या काकांना, थँक्यू

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, ओळखीच्या कोणी वाचलं तर पोचवेल तुमच्यापर्यंत. मे महिन्यात धोपाव्याला जाणारी फेरीबोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली (चूक आमचीच, पन्हं पीत बसलो) आणि तुम्ही फणसाची पिशवी पायात धरून शेजारी बसला होतात. माझी लेक सहावीत, गणितात जेमतेम पास, मोठी संख्या दिसली की तोंड एवढंसं होतं. मी ते तिच्यासमोरच तुम्हाला सांगत बसले, आता आठवलं की लाज वाटते.

तुम्ही लेक्चर वगैरे काही दिलं नाहीत. भेळेच्या कागदाची पाठ पुढे केलीत, खिशातली पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "बाय, एकाला सातने भाग बघू." ती भागत गेली, दहात सात एकदा, बाकी 3, तिसात चार वेळा, बाकी 2, मग 6, मग 4, मग 5, आणि परत 1. तिथे तिचा हात थांबला. "अय्या, आता सगळं परत तेच येणार!" तुम्ही नुसती मान हलवलीत. सातने भागलं तर बाकी 1 ते 6 मधलीच उरणार, त्या सहाही येऊन गेल्या, मग नवीन येणार कुठून? बीकॉम झालेय मी, पण खरं सांगते हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग भागाकारात आलेल्या त्या 142857 ची गंमत. 2 ने गुणलं की 285714, 3 ने 428571, तेच आकडे त्याच रांगेत, फक्त सुरुवात वेगळी, 6 पर्यंत असंच आणि 7 ने गुणलं की धाडकन 999999. घरी येईल त्याला ती हे करून दाखवते, आजोबा वैतागलेत.

बोटीत चढताना तुम्ही त्याच संख्येचा वर्ग करायला सांगितलात तो तिने रात्री हातानेच केला, दोनदा चुकली. 20408122449. डावीकडचे 20408 आणि उजवीकडचे 122449 मिळवले की पुन्हा 142857! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात आणि ते द. रा. कापरेकर म्हणजे 6174 वाले (सगळे आकडे सारखे नसलेली चार आकडी संख्या घेऊन तिचे आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येते ती संख्या), 1905 साली आपल्याच किनाऱ्यावर डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिक्षक, हे मला या वयात कळतंय बघा.

आता एक तक्रार. तिने आपणहून 13 ने भागून बघितलं, 076923 आलं, पण त्याची दुप्पट 153846, आकडेच वेगळे! खेळ मोडला म्हणून रागावलीये तुमच्यावर. गणपतीला येतोय, चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळच्या बोटीने. तुमची पेन्सिल तिच्याकडेच राहिलीये.