ऑफिसात झाडं आणा, पण आधी खिडकी कुणाला मिळते ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑफिसात निसर्ग आणला की कर्मचाऱ्यांची तब्येत आणि मन चांगलं राहतं असं हल्ली बरंच वाचायला मिळतं, त्याला बायोफिलिक डिझाइन म्हणतात, आणि फोटो बघितले तर रिसेप्शनला हिरवीगार भिंत, लिफ्टसमोर मोठाल्या कुंड्या, कुठे कोपऱ्यात पाण्याचा छोटा झरा. दिसायला छानच दिसतं. पण मी 14 वर्षं अकाउंट्सला काम करतेय, त्यातली पहिली 11 वर्षं फ्लोअरच्या अगदी मधोमध बसून काढली, त्यामुळे मला मनापासून एक सांगायचंय की आधी खिडकी कुणाच्या वाट्याला येते ते बघा, कुंडी त्याच्या नंतर.

आमचा फ्लोअर कसा होता सांगते. तीन बाजूंना खिडक्या, त्यातल्या दोन बाजूंना केबिन आणि तिसऱ्या बाजूला बोर्डरूम आणि मीटिंग रूम. केबिनमधली माणसं निम्मा वेळ फिरतीवर असायची, बोर्डरूम महिन्यातून दोनतीनदा उघडायची, आणि जी 60 माणसं सकाळी 9 ते संध्याकाळी 6 खुर्चीवरून हलत नव्हती ती सगळी मधे, डोक्यावर पांढरे लाइट आणि समोर पार्टिशन. बाहेर पाऊस पडतोय हे आम्हाला कुणीतरी ओली छत्री घेऊन आत आलं की कळायचं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता हे मला माहितेय, खिडकी म्हणजे मान आणि मान वरच्या माणसाला अशी पद्धतच पडून गेलीय, बहुतेक ठिकाणी असंच असतं. पण त्याने काय होतं ते मधे बसणाऱ्यालाच कळतं.

तीन वर्षांपूर्वी एसीच्या कामासाठी आमची लाइन उठवली आणि आम्हा 8 जणांना तात्पुरतं बोर्डरूममध्ये बसवलं. माझी खुर्ची नेमकी खिडकीशी आली. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, म्हणजे बाग नाही, डोंगर नाही, काही नाही, पण त्या भिंतीच्या कठड्याला एक चीर होती आणि त्यातून पिंपळाचं रोप आलेलं. हातभर असेल. माती दिसत नव्हती कुठेच, तरी नवीन पानं यायची, आधी तांबूस, पातळ, उन्हात आरपार दिसणारी, मग चारआठ दिवसांत पोपटी आणि मग हिरवी. वारा नाही असं वाटायचं तेव्हासुद्धा त्या पानाचं लांब टोक हलत असायचं. मी व्हाउचर तपासताना मधेच मान वर करायची, तिकडे बघायची, आणि परत कामाला लागायची. ठरवून नाही हो, आपोआप व्हायचं ते. माझ्या ड्रॉवरमध्ये कायम बामची बाटली असायची, दुपारी 3 वाजले की डोकं ठणकायला लागायचं. त्या वर्षी दुसरी बाटली आणावी लागली नाही.

आता हे माझ्या एकटीचं झालं, याला पुरावा म्हणता येत नाही. म्हणून मी यावर मिळेल ते वाचत गेले आणि तेव्हा कळलं की ह्या गोष्टीवर 40 वर्षं काम चालू आहे. 1984 साली रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधली 1972 ते 1981 ची जुनी रेकॉर्ड काढून पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 पेशंटची तुलना केली, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे पेशंट सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधं कमी लागली. ऑपरेशन तेच, हॉस्पिटल तेच. त्याच 1984 मध्ये एडवर्ड विल्सन ह्या जीवशास्त्रज्ञाने माणसाला जिवंत गोष्टींची मुळातच ओढ असते असं मांडलं आणि बायोफिलिया हा शब्द सगळीकडे रुळला, आजचं बायोफिलिक डिझाइन त्यातूनच आलं. म्हणजे सुरुवातीपासून गोष्ट खिडकीची आहे बघा, मग ती कुंडीवर येऊन कधी थांबली कोण जाणे.

मान वर करून पिंपळाकडे बघण्याला पण कारण आहे. रेचल आणि स्टीफन कॅपलन ह्या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोचं म्हणणं असं की आकडे तपासणं, मेल लिहिणं ह्याला जे जोर लावून धरलेलं लक्ष लागतं ते थकतं, आणि पान हलणं, ढग सरकणं अशा गोष्टींकडे लक्ष आपसूक जातं, जोर लागत नाही, तेवढ्यात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. मेलबर्न विद्यापीठाच्या लोकांनी 2015 मध्ये 150 विद्यार्थ्यांना एक कंटाळवाणं, लक्ष लागणारं काम दिलं आणि मधे फक्त 40 सेकंद कॉम्प्युटरवर गच्चीचा फोटो दाखवला, काहींना नुसत्या काँक्रीटची गच्ची, काहींना गवत-फुलांची. फुलांची गच्ची बघितलेल्यांच्या चुका नंतर कमी झाल्या. 40 सेकंद! आणि तोसुद्धा फोटो. चहाला जाऊन यायलासुद्धा ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

उजेडाचं तर त्याहून मोठं आहे आणि त्यावर कुणी बोलतच नाही. ऑफिसात टेबलावर साधारण 300 ते 500 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारो लक्स असतो आणि भर उन्हात लाखाच्या आसपास जातो. आपल्या डोळ्याला दोन्ही ठीकच वाटतात, कारण डोळा जुळवून घेतो, पण शरीराचं घड्याळ फसत नाही. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम बघण्याचं नाही, आत्ता दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्याचं आहे, त्यांचा शोध 2002 च्या सुमाराला पक्का झाला. शरीराचं हे घड्याळ आतून कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना 2017 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. दिवसभर मंद उजेडात बसलं की ह्या घड्याळाला दिवस झाल्याचं नीट कळत नाही, आणि मग रात्र झाल्याचंही नीट कळत नाही. 2014 मध्ये अमेरिकेत 49 ऑफिस कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापून आला, 22 खिडकी असलेले आणि 27 बिनखिडकीचे. खिडकीवाले रात्री सरासरी 46 मिनिटं जास्त झोपत होते. अभ्यास लहान आहे, मान्य. पण 46 मिनिटं रोजची म्हटली तर आठवड्याला पाच तासांच्या वर जाते. आमच्या मधल्या लाइनीतल्या किती जणांना रात्री झोप येत नाही ही तक्रार होती, आम्ही सगळे त्याला वयाला नाहीतर मोबाइलला दोष द्यायचो.

आणि हा उजेड किती आत येतो? आर्किटेक्ट लोक एक ठोकताळा वापरतात की खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जेवढा उंच त्याच्या दोन ते अडीच पट. म्हणजे काठ अडीच मीटरवर असेल तर पाच-सहा मीटर आतपर्यंत कामाचा उजेड, पुढे लाइटच. आता त्या पाच-सहा मीटरमध्ये केबिन बांधून बंद भिंत घातली तर मधल्या माणसांना काय मिळणार तुम्हीच सांगा.

हवेबद्दल थोडक्यात लिहिते. झाडं ऑफिसची हवा शुद्ध करतात हे प्रत्येक नर्सरीवाला सांगतो, त्याचं मूळ नासाच्या 1989 च्या प्रयोगात आहे. पण तो प्रयोग लहान, बंद पेटीत केलेला होता. 2019 मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा निघालं की बिल्डिंगमध्ये एरवी जी हवा खेळती असते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. म्हणजे चालायला जागा उरणार नाही. हवेसाठी बाहेरची हवाच आत घ्यावी लागते. 1973 च्या तेलसंकटानंतर वीज वाचवायला म्हणून अमेरिकेत माणशी मिनिटाला 15 घनफूट बाहेरच्या हवेचं प्रमाण 5 वर आणलं होतं, मग बंद बिल्डिंगमधल्या लोकांच्या डोकेदुखी, डोळे चुरचुरणं, थकवा अशा तक्रारी वाढल्या, त्याला सिक बिल्डिंग सिंड्रोम नाव पडलं आणि 1989 मध्ये प्रमाण परत वर न्यावं लागलं. झाडं लावली म्हणून खिडक्या सील केल्या तरी चालतंय असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मग झाडं नकोत का? हवीत, नक्की हवीत, मला झाडांशिवाय करमत नाही. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या खऱ्या ऑफिसांत केलेला 2014 चा अभ्यास सांगतो की उघड्याबोडक्या ऑफिसात झाडं आणल्यावर कामात सुमारे 15 टक्के वाढ झाली आणि माणसंही जास्त समाधानी होती. पण झाडं कशी आणायची ह्यात खूप फरक आहे. आमच्याकडे एका सोमवारी टेंपोभर कुंड्या आल्या, सगळ्या एकसारख्या, आणि सरळ रेषेत मांडल्या, अर्ध्या एसीच्या झोताखाली आणि बाकीच्या जिथे उजेडच नाही तिथे. हात लावू नका, एजन्सीचा माणूस येऊन पाणी घालेल असं सांगितलं. आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींनी तिसऱ्याच दिवशी मातीत बोट घालून सांगितलं, "मॅडम, हिला पाणी नको झालंय, हिला उजेड पायजे." त्यांचं कुणी विचारात घेतलं नाही. दोन महिन्यांत पानं पिवळी पडून खाली गळायला लागली, मातीवर चिलटं झाली, शेवटी सगळ्या कुंड्या उचलून त्याजागी प्लास्टिकची झाडं आली. आता त्यांच्यावर धूळ बसते आणि मावशींना ती एकेक पान धरून पुसावी लागते.

ह्याच्या उलट माझ्या टेबलावर काचेच्या बाटलीत मनीप्लांट आहे. पेराच्या खाली तिरका काप देऊन फांदी पाण्यात ठेवली की आठदहा दिवसांत पेरातून पांढरं टोक दिसायला लागतं, मग ते मूळ बाटलीच्या काचेला टेकतं आणि गोल फिरत खाली जातं. आठवड्याने पाणी बदलायचं, बास. त्याच्या फांद्या मी आत्तापर्यंत 9 जणांना दिल्यात आणि सकाळी आल्यावर आधी बाटलीकडे बघून मग कॉम्प्युटर चालू करणारे निदान चार जण तरी आहेत. इंग्लंडमधल्या एक्सटर विद्यापीठाच्या 2010 च्या संशोधनात हेच दिसलं होतं, झाडं आणि चित्रं दुसऱ्याने मांडून दिली त्यापेक्षा माणसांनी आपली आपण मांडली तेव्हा काम जास्त चांगलं झालं, आणि त्यांची मांडणी कुणी येऊन बदलली की तो फायदा गेला. म्हणून माझी विनंती आहे की झाडांचं कंत्राट खुशाल द्या पण कोणतं झाड कुठे ठेवायचं हे त्या टेबलावर बसणाऱ्याला विचारा आणि मावशींना तर आधी विचारा.

खिडकीचा विषय काढला की लगेच अडचणी सांगतात. स्क्रीनवर चकाकी येते म्हणे. येते, स्क्रीन खिडकीच्या समोर किंवा पाठीला असेल तर, टेबल काटकोनात फिरवलं की निम्मी अडचण जाते. पश्चिमेला ऊन तापतं, हे खरं आहे, तिथे बाहेरून छज्जा किंवा जाळी पाहिजे, नुसतं आतून ब्लाइंड ओढून दिवसभर अंधार करण्यात अर्थ नाही. केबिनमध्ये गोपनीय बोलणं असतं, हो, पण त्यासाठी केबिन खिडकीलाच पाहिजे असं कुठे आहे, ती मधे घ्या आणि तिची वरची पट्टी काचेची करा. जर्मनीत तर कामाच्या जागेच्या नियमातच आहे की शक्य तिथे कर्मचाऱ्याला दिवसाचा उजेड आणि बाहेर नजर जाईल अशी सोय पाहिजे. सगळ्यांना खिडकी पुरणार नाही हे मलाही समजतं. पण मग जेवायची जागा खिडकीला घ्या, येण्याजाण्याची वाट खिडकीकडून काढा, जागा सहा महिन्यांनी बदलत ठेवा.

तो पिंपळ गेल्या वर्षी काढला. भिंत फुटते त्याने, काढावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दुपारी दोरीवरून माणूस खाली उतरला तेव्हा आमच्या खिडकीशी 7 जण येऊन उभे राहिले, त्यातल्या दोघांशी मी तोपर्यंत कधी बोललेसुद्धा नव्हते, आणि ते दोघे एकमेकांना सांगत होते की मधे त्याला एकदम नऊ नवीन पानं आली होती. मोजली होती त्यांनी.

आमचं एसीचं काम केव्हाच संपलंय आणि आता बोर्डरूम परत पाहिजे असं पत्र आलंय. आम्ही 8 जणांनी मिळून लेखी विनंती केलीय की मीटिंग मधल्या जागेत घ्याव्यात आणि ही खोली बसणाऱ्यांना द्यावी, अजून उत्तर नाही. आपल्या पेपरमधून ऑफिसचे नकाशे पास करणाऱ्यांपर्यंत एवढं पोचावं असं वाटतं की सही करायच्या आधी एकदा त्या फ्लोअरवर जाऊन सगळ्यात मधल्या खुर्चीवर दुपारी 3 वाजता अर्धा तास बसून बघा आणि बाहेर काय दिसतं ते कागदावर लिहा.

आपली,
एक नियमित वाचक