‘अंगावर चट्टे’ एवढे लिहून भागत नाही

माननीय संपादक महोदय,

३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनाला आमच्या तालुक्यातील ग्रामसभांत शपथ वाचली जाते, आणि ‘फिक्कट, लालसर, बधिर चट्टा’ हे शब्द आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र आरोग्य खात्यात फिरस्तीची नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. उपकेंद्रातून पुढे पाठवलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर बहुधा ‘अंगावर चट्टे’ किंवा ‘खाज’ एवढेच लिहिलेले असते; चट्टा कुठे आहे, कधीपासून आहे, सपाट आहे की उंचावलेला, याचा त्यात मागमूस नसतो. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे हे मान्य. पण जे डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागते त्याचे वर्णन करणे आशाताई, परिचारिका आणि आरोग्यसेवक या सर्वांना जमण्यासारखे आहे.

डोळे मिटून बोट फिरवले असता जो लागत नाही, केवळ रंगाने वेगळा दिसतो, तो सपाट चट्टा. लागणारा उंचवटा सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पुळी, पसरट असेल तर जाड चट्टा, आणि कातडीत खोलवर हाताला लागते ती गाठ. पाण्याने भरलेला फोड वेगळा, पुवाची पुटकुळी वेगळी. पित्ताच्या गांधी तर सहसा एका जागी दिवसभरही टिकत नाहीत, म्हणून ‘सकाळी मांडीवर होती, आता पाठीवर आहे’ हे रुग्णाचे सांगणे जसेच्या तसे लिहून ठेवावे. रंगाच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी, कारण पुस्तकांतील लाली बहुधा गोऱ्या कातडीवरची असते. आपल्या सावळ्या कातडीवर तीच लाली जांभळट, तपकिरी किंवा तांबूस दिसते. तेव्हा ‘लाली नाही’ असे लिहिण्यापूर्वी हाताने ऊब आणि जाडी पाहिलेली बरी.

सर्वाधिक गोंधळ होतो तो फिकट चट्ट्यांचा. छाती-पाठीवर घामाच्या दिवसांत उठणारी शिबे नखाने हलके खरवडली की बारीक कोंडा निघतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर स्पर्श पूर्ण कळतो. लहान मुलांच्या गालांवरचे पुसट, किंचित खरखरीत चट्टे घरोघर जंतांवर ढकलले जातात. ते बहुतेकदा कोरड्या त्वचेशी निगडित असतात आणि कालांतराने आपोआप जातात. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम कमी येतो, आणि नेमके याच कारणाने माणूस कपाशीची वेचणी, तुरीची सोंगणी आटोपेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही. संवेदना तपासताना आधी रुग्णाला डोळे उघडे ठेवून काय करणार ते दाखवावे, मग डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करावा आणि स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला लावावे. ‘कळते का?’ असे विचारत स्पर्श केला तर भिडस्त माणूस ‘हो’च म्हणतो.

तरीही बधिरपणा हीच एकमेव खूण मानणे धोक्याचे आहे. चेहऱ्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने तिथल्या चट्ट्यावर स्पर्श शाबूत राहू शकतो. ज्या प्रकारात जंतूंची संख्या सर्वाधिक असते त्यात तर सुरुवातीला ठळक चट्टा नसतोच. त्वचा तेलकट, चकचकीत दिसते, कानाच्या पाळ्या जाड होतात, त्यांवर गाठी येतात. असा रुग्ण ‘चट्टा नाही’ म्हणून सुटून जातो. पाचपर्यंत चट्टे असल्यास सहा महिने आणि त्याहून अधिक असल्यास बारा महिने बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, म्हणजे चट्टे मोजून लिहिण्यालाही अर्थ आहे. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी आणि १९४९ मध्ये वरोऱ्याला बाबा आमटे यांनी कुष्ठसेवेचे काम उभे केले, त्या विदर्भात हे पुन्हा सांगावे लागते; पण डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाल्यापासून बोटांनी नस चाचपून हा रोग ओळखणारी अनुभवी माणसे निवृत्त होत गेली, हे वास्तव आहे.

दुसरी अडचण मेडिकलमधून मिळणाऱ्या ट्यूबची आहे. गजकर्णाला, शेताला धुरा असावा तशी, उंचावलेली व कोंडा सुटणारी कड असते आणि मधला भाग निवळत जातो. त्यावर स्टेरॉइड मिसळलेले मलम महिनोन्‌महिने चोळले की खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, कड विरघळते, आणि मग मुरलेल्या त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखणे कठीण जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या अनुसूचीत घातली. प्रत्यक्षात गावाकडे आजही ती मागितली की मिळतात. म्हणून चिठ्ठीवर ‘आधी काय लावले’ हे लिहिणे अगत्याचे आहे, आणि रिकामी ट्यूब रुग्णासोबत पाठवता आली तर उत्तमच.

पावसाळा सरता सरता येणाऱ्या स्क्रब टायफस या तापाचे उदाहरण तर अधिक तातडीचे. गवत-झुडपांतील सूक्ष्म कीटकाच्या चाव्याच्या जागी मध्ये काळी खपली आणि भोवती लालसर कडा असलेला लहानसा व्रण होतो. तो दुखत नसल्याने रुग्णाला माहीतही नसतो, आणि बऱ्याचदा काखेत, जांघेत, कमरेला किंवा स्तनाखाली असतो. तो प्रत्येकात सापडत नाही. पण तापाच्या रुग्णात सापडला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेवर सुरू करता येते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, सर्वांसमक्ष स्टुलावर बसवलेल्या बाईची अशी तपासणी कोण आणि कशी करणार?

हल्ली मोबाइलवर फोटो पाठवण्याची सोय झाली आहे, ती चांगलीच आहे. तथापि फ्लॅशच्या झोतात फिकट चट्टा दिसेनासा होतो. त्यामुळे दिवसाच्या तिरप्या उजेडात एक फोटो दुरून, शरीराचा भाग कळेल असा, आणि दुसरा जवळून घ्यावा.

माझी जिल्हा आरोग्य यंत्रणेला विनंती आहे की संदर्भचिठ्ठीवर जागा, संख्या, आकार, उंचवटा, कड, कोंडा, स्पर्श, मुदत आणि आधीचा उपचार यांसाठी छापील रकाने द्यावेत, मासिक बैठकीत आशाताईंकडून बॉलपेनची चाचणी एकमेकींवर करून घ्यावी, आणि प्रत्येक उपकेंद्रात खिडकीजवळ एक पडदा लावून द्यावा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर