एसेक्विबोच्या बातमीत तेल कंपनी कुठंय?

मा. संपादक,

दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचा एसेक्विबो प्रदेश आपला आहे असं शेजारचा व्हेनेझुएला म्हणतो, त्या वादावर अधूनमधून बातमी येते आणि दर वेळी गोष्ट तीच असते, मोठा व्हेनेझुएला छोट्या गयानाला दमदाटी करतोय. दमदाटी आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या बातमीत एक पार्टी कायम गायब असते, ती म्हणजे तेल कंपनी, आणि तिला सोडून हे भांडण समजतच नाही असं माझं मत आहे म्हणून लिहितोय.

आता कोणी म्हणेल वाद तर तेलाच्या कितीतरी आधीचा आहे. बरोबर आहे. गयाना ब्रिटिशांची वसाहत होती तेव्हा, १८९९ ला, पॅरिसच्या लवादाने सीमा ठरवून दिली, पाच जणांचा लवाद, दोन ब्रिटिश, दोन अमेरिकन, एक रशियन आणि व्हेनेझुएलाचा स्वतःचा माणूस एकही नाही, मग १९६२ मध्ये व्हेनेझुएला म्हणाला हा निवाडाच आम्हाला मान्य नाही, मग वाद बोलून सोडवायचा १९६६ चा जिनिव्हा करार वगैरे. जवळपास १,५९,५०० चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे गयानाचा दोन तृतीयांश देश. पण हे सगळं बासनात गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. २००४ मध्ये व्हेनेझुएलाचे तेव्हाचे अध्यक्ष चावेझ स्वतः गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनला गेले आणि एसेक्विबोतल्या विकासकामांना आमची आडकाठी नाही असं सांगून आले. पुढे तर पेट्रोकारिब या व्हेनेझुएलाच्या सवलतीत तेल द्यायच्या योजनेत गयाना व्हेनेझुएलाकडून तेल घ्यायचा आणि बदल्यात तांदूळ द्यायचा, म्हणजे सीमेवरून रुसवा असूनही चूल चालू होती.

मग मे २०१५ उजाडला. अमेरिकेच्या एक्झॉनमोबिल कंपनीला गयानासमोरच्या समुद्रात, स्टाब्रोक ब्लॉकमध्ये लिझा विहिरीत तेल लागलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी व्हेनेझुएलाचे तेव्हाचे अध्यक्ष मादुरोंनी फतवा काढून तिथल्या समुद्रावर दावा ठोकला. थोड्याच दिवसांत तांदळाचा करारही पुढे चालू ठेवणार नाही असं कळवलं. तेल समुद्रात खोल कुठेतरी आणि फटका बसला भात पिकवणाऱ्याला, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

इथे आणखी एक गोष्ट बघा. २००७ मध्ये चावेझनी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या पट्ट्यातले तेल प्रकल्प सरकारच्या ताब्यात घेतले तेव्हा एक्झॉनने नव्या अटी मानल्या नाहीत, ती बाहेर पडली आणि भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय लवादात गेली. स्टाब्रोक ब्लॉक तिच्याकडे १९९९ पासूनच होता, म्हणजे सूड उगवायला शेजारी गेली असं मी म्हणत नाहीये. पण व्हेनेझुएलाच्या राजधानीतून, काराकसमधून बघणाऱ्याला काय दिसणार? ज्याला घरातून काढलं तोच कुंपणाला लागून खणतोय.

मला सगळ्यात खटकलं ते सायनिंग बोनसचं, म्हणजे करारावर सही होताना कंपनी सरकारला देते त्या पैशाचं. २०१६ मध्ये गयानाने एक्झॉनशी नवा करार केला, कंपनीने १ कोटी ८० लाख डॉलर दिले आणि सरकारने ही गोष्ट वर्षभराहून जास्त काळ लपवून ठेवली. २०१७ च्या शेवटी फुटली तेव्हा सांगितलं की पैसे सीमावादाच्या कोर्टखर्चासाठी वेगळे ठेवलेत. पुढे मार्च २०१८ मध्ये गयाना हेगच्या न्यायालयात गेला. कोर्टात जाणं चूक नाहीच, उलट छोट्या देशाकडे दुसरं हत्यार कुठलं असतं. पण शेजाऱ्याशी खटला लढायला पैसा त्या कंपनीचा, जिचं सगळं त्या खटल्यावर अवलंबून आहे, यावर कोणाला काहीच वाटत नाही का? आणि कराराच्या अटी तरी काय, २ टक्के रॉयल्टी, आधी ७५ टक्क्यांपर्यंत तेल कंपन्या खर्चापोटी वळते करून घेणार आणि उरलेल्यात निम्मं निम्मं. हिशेब केला तर शंभरातले साडेचौदाच सरकारकडे, निदान खर्च फिटेपर्यंत तरी.

याच ब्लॉकमध्ये २५ टक्के वाटा चीनच्या सरकारी सीनूक कंपनीचा आहे, आणि चीन हाच व्हेनेझुएलाचा मोठा सावकार. ३० टक्के हेस या अमेरिकन कंपनीचा होता तो २०२५ मध्ये शेवरॉन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीकडे आला, आणि शेवरॉन व्हेनेझुएलात किती दशकं बसलीये ते सगळ्यांना माहितीये. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथला पाहुणा दोन्हीकडे जेवतोय आणि घरवाले एकमेकांची डोकी फोडायला निघालेत. डिसेंबर २०१८ मध्ये एक्झॉनसाठी सर्व्हे करणारं जहाज व्हेनेझुएलाच्या नौदलाने अडवलं, डिसेंबर २०२३ मध्ये व्हेनेझुएलाने एसेक्विबो आपलाच म्हणून सार्वमत घेतलं, ब्राझीलला आपल्या सीमेवर सैन्य वाढवावं लागलं, मार्च २०२५ मध्ये व्हेनेझुएलाचं गस्ती जहाज थेट तेल काढणाऱ्या जहाजांजवळ आलं. मधे कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर, अर्गाइलला दोन्ही अध्यक्ष भेटले, बळ वापरणार नाही असं लिहून दिलं, ते किती टिकलं ते दिसतंच.

हेच गयाना दुसऱ्या शेजाऱ्याबरोबर बघा. जून २००० मध्ये कॅनडाच्या सीजीएक्स कंपनीची रिग सुरीनामच्या गनबोटींनी हुसकून लावली होती. तेव्हाही परवाना आधी दिला आणि सीमा नंतर आठवली. पण दोघं संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराखालच्या लवादात गेले, २००७ मध्ये रेषा आखून मिळाली, आणि आता सुरीनामसुद्धा आपल्या बाजूला तेल काढायच्या तयारीला लागलाय, गनबोटींचं नाव नाही. व्हेनेझुएलाने मात्र त्या समुद्र कायदा करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे तो रस्ता इथे बंद.

एक विनंती आहे. बातमीबरोबर नेहमी जमिनीचा नकाशा छापता, एसेक्विबो लाल रंगात. पुढच्या वेळी समुद्राचा छापा, त्यावर स्टाब्रोक ब्लॉक दाखवा, २६,८०० चौरस किलोमीटरचा, आणि कोणाचा किती टक्के तेही खाली लिहा.

आपला एक वाचक