अलिबाग सागरचित्रण सहल : सभासदांसाठी सूचना

जळगावच्या आपल्या गटातील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, अलिबागच्या किनाऱ्यावर प्रत्येक चित्र पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सुमारे २० मिनिटांत पूर्ण करावयाचे आहे. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच देखावा मिळत नाही. खानदेशच्या कोरड्या उन्हात जलरंग पाहता पाहता वाळतो, किनाऱ्याच्या दमट हवेत मात्र तो बराच वेळ ओला राहतो, म्हणून प्रथम आकाश रंगवून ते वाळेपर्यंत दुसरा कागद हाती घ्यावा. तेथील काळसर वाळू ओली असताना आकाशाचा रंग धरते. माझ्या मते चित्राचा जीव त्या पट्ट्यातच असतो, तेथे घाई नको. फेसासाठी कागद कोरा राखावा. कुलाबा किल्ल्यावर पायी ओहोटीतच जाता येते, त्यामुळे भरतीपूर्वी परतावे.