बाबा, स्पिरिट लावू नका

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. बाबा, फोनवर तुम्ही "हो हो, बरं बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून लिहायला बसले.

आधी सांगून टाकते. कानाचं मशीन घेतलं, दोन्ही कानांचं. पैसे भरून झाले. शनिवारी अकरा वाजता बसवायला जायचंय, नेहमीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय. तुम्हाला न विचारता केलं, रागवा हवं तर. पण विचारलं असतं तर "दिवाळीनंतर बघू" म्हणाला असतात, आणि अशा दोन दिवाळ्या झाल्या. आई, बोनसमधून घेतलंय, कर्ज काढलेलं नाही. हिशेब मांडत बसू नकोस.

डोक्यात आलं ते त्या कॅसेटमुळे. मामानं मस्कतहून आणलेली, माझ्या दहावीच्या वर्षी तुम्हा दोघांचा जीव खाल्लेली. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडची, 'विश यू वेअर हिअर', १९७५. गेल्या रविवारी परत ऐकली. गाणी पाचच, पण पहिलंच साडेतेरा मिनिटांचं. आठ मिनिटं उलटली तरी कुणी तोंड उघडत नाही. तू स्वयंपाकघरातून विचारायचीस, "गाणारा आला नाही का गं अजून?" आणि बाबा म्हणायचे, "आलाप चाललाय त्याचा." मिरजेत राहून, उरुसातलं रात्रभराचं गाणं ऐकून तयार झालेला कान तो. मागचा लांब सूर तंबोऱ्यासारखा धरून ठेवलाय आणि त्यावर त्यांच्या गिलमोरच्या गिटारचे चार सूर येतात, ते तुम्ही एकदाच ऐकून पेटीवर काढले होतेत. "मींड बरी घेतोय गोरा," म्हणाला होतात. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता, गिटार मीच वाजवल्यासारखा.

आणि ती दुसरी बाजू! अख्खा बँड जोरात चाललेला, एकदम आवाज आत ओढला जातो, रेडिओची खरखर, मग पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी बारीक गिटार. तुम्ही पेपर टाकून उठलात. "टेपचं हेड खराब झालंय." कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलंत, दोनदा. शेवटी स्क्रू ड्रायव्हर घेतलात तेव्हा मी रडले होते. बिघाड नव्हताच. त्यांनी ते मुद्दाम केलंय. एक गिटार जुन्या रेडिओवर वाजतेय आणि खोलीत बसलेला कुणीतरी आपली गिटार घेऊन तिला साथ करतोय, असं. ही दुसरी सुरू झाली की माणूस शेजारी येऊन बसल्यासारखा वाटतो. शब्द सुरू व्हायच्या आधी एक खोकलाही आहे. तो तुम्हीच पकडलात. माझ्या मित्रमैत्रिणींपैकी एकालाही ऐकू आला नव्हता. आई म्हणाली, "आल्याचा रस द्या त्याला."

रविवारी तो खोकला आला आणि मला गेल्या महिन्यातली सकाळ आठवली. मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं उतरून दारात उभी होते, तीनदा बेल वाजवली. तुम्ही हॉलमध्येच होतात, बाबा. खिडकीतून दिसत होतात.

तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. डॉक्टरांनी आलेख दाखवला ना, त्यात खालचे सूर छान शाबूत आहेत, घसरगुंडी आहे ती वरच्या पट्टीत. म्हणून आवाज येतो, पण स, श, त निसटतात आणि शब्द कळत नाही. तुमची चूक नाही, आईच्या पुटपुटण्याचीही नाही. (थोडी आहे.)

या रेकॉर्डमागची एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. सिड बॅरेट हा त्यांचा पहिला म्होरक्या. मन बिघडत गेलं आणि १९६८ मध्ये तो बँडमधून सुटला. ते साडेतेरा मिनिटांचं गाणं त्याच्यावरच आहे. ५ जून १९७५ ला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याच गाण्याचं काम चालू असताना एक जाडा, डोक्याचे आणि भुवयांचे केस काढलेला माणूस येऊन बसला. तो सिड आहे हे त्यांना बराच वेळ ओळखूच आलं नाही. हे वाचलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. का, ते सोडा.

आता नीट ऐका. पहिले काही दिवस घरातच आणि थोडा थोडा वेळ घालायचं, लगेच मंडईत नाही. स्वतःचा आवाज घुमेल, भांडी कानात आपटतील. आई, तू जरा जपून ठेव ती. आंघोळीला आणि डोक्याला तेल लावताना काढायचं. रात्री मोबाइलसारखं चार्जिंगला. लग्नकार्यासाठी कपाटात जपून ठेवायचं नाही. आणि पुसायचं ते कोरड्या कापडानं. स्पिरिट अजिबात लावायचं नाही!

गणपतीला येणं जमत नाहीये, सुट्टी मिळाली नाही. दसऱ्याला नक्की. आई, बीपीची गोळी जेवणानंतर नाही, सकाळीच.

गाणं आईच्या मोबाइलवर पाठवलंय. रविवारी दुपारी निवांत लावा आणि खोकला आला की हात वर करा. आई, तू खुणवायचं नाहीस हं.

तुमची,
मनू